अनफिसाच्या गळ्यातली गोचीड

स्तारा प्रोर्वा गावात बातमी पोचवायचे दोन रस्ते होते. एक म्हणजे ग्रामपंचायतीच्या खांबावरचा भोंगा, जो वारा सुटला की नुसता खरखरायचा. दुसरी अनफिसा. वारा असो, बर्फ असो, डॅन्यूबचं पाणी अंगणात आलेलं असो, अनफिसा चालू. कालव्याच्या या टोकाला कुणाची गाय व्याली, तर वासरू धड उभं राहायच्या आत त्या टोकाला त्याच्या कपाळावरचा ठिपकासुद्धा माहीत असायचा. तिखटमीठ लावायची, नाही असं नाही. पण शिळा मासा कधी विकला नाही तिनं. बातमी ताजी आणि घरपोच.

नवरा झिनोवेई नेमका उलटा. पोटापर्यंत दाढी, आणि तोंड उघडायचं ते जेवायला, प्रार्थनेला आणि बोटीच्या इंजिनाला शिव्या द्यायला. लोक म्हणायचे, लग्नाच्या दिवशी त्यानं आपल्या वाटणीचे शब्द हुंड्यात बायकोला देऊन टाकले.

अशा गावात बुखारेस्टहून फिल्मवाले आले. सिनेमातल्यासारखे नट-नट्या नव्हेत, माहितीपटवाले. पेलिकन पक्ष्यांच्या पाठीवर उपग्रहाशी बोलणाऱ्या डब्या बसवल्या होत्या, ड्रोन उडवून त्यांची घरटी मोजायची होती, आणि त्या पक्ष्यांच्या शेजारी राहणारी माणसं कशी जगतात, कुणाशी बोलतात, कुणाची वाट बघतात, हे सगळं वर्षभर टिपायचं होतं. पेलिकन ड्रोनला अजिबात बिचकले नाहीत. कोंबड्या मात्र बिचकल्या. त्या उन्हाळ्यात अर्ध्या गावानं अंडी विकत आणून खाल्ली.

दिग्दर्शिका बाई चष्मा लावून गावभर हिंडल्या आणि अनफिसापाशी थांबल्या. थांबल्या म्हणजे, निघताच आलं नाही त्यांना. "माझ्या फिल्मचा आवाज हाच," असं त्या म्हणाल्या म्हणे. तेव्हापासून त्यांचा आवाजवाला, तिबेरियु नावाचा लांबुडका पोरगेला माणूस, रोज सकाळी यायचा आणि अनफिसाच्या गळपट्टीला एक इवलासा काळा माइक डसवून जायचा. त्याची डबी तिच्या घागऱ्याच्या कमरेला.

"गोचीड आली," अनफिसा मान वर करून म्हणायची. "लाव बाबा. रक्त पी माझं."

"मावशी, रक्त नको, फक्त शब्द."

"शब्द हवे तेवढे घे. रक्तच कमी आहे या वयात."

तिबेरियुची एक खोड होती. प्रत्येक ठिकाणचं काम संपलं की तो हात वर करून सगळ्यांना गप्प करायचा आणि मिनिटभर नुसती शांतता टिपून घ्यायचा. स्वयंपाकघराची वेगळी, बोटीतली वेगळी, ओसरीवरची वेगळी. फिल्म जोडताना सांधे बुजवायला ती लागते, असं तो सांगायचा. सगळं गाव या कामाला तयार झालं; कुत्रीसुद्धा शिकली. अनफिसा नाही. अर्धं मिनिट ओठ दाबून बसायची, लालबुंद व्हायची, आणि मग, "अरे पण शांततेचं लोणचं घालणार काय तुम्ही?" झालं, मिनिट वाया. वर्षभरात तिच्या घरची शांतता काही त्याला मिळाली नाही.

आता हारितिना. अनफिसाच्या कुंपणापलीकडे तिचं घर. दोघी एकाच साली जन्मल्या, एकाच बोटीतून शाळेत गेल्या, एकाच आठवड्यात लग्नं झाली. हारितिनाचा नवरा लवकर गेला. एकुलता एक मुलगा सावा कामाला इटलीत गेला, तोरिनोला. त्याला बरीच वर्षं झाली. त्याची बोट मागच्या अंगणात पालथी पडलेली असायची आणि हारितिना दर वसंतात स्वतःच्या हातानं तिला डांबर लावायची. "सावा आला की लगेच पाण्यात घालायला तयार पाहिजे," म्हणायची. सावा फोन करायचा, नाही असं नाही. पण आवाजाचाच. तोंड दाखव म्हटलं की त्याच्या फोनचा कॅमेरा बिघडलेला असायचा. इतकी वर्षं दुरुस्त न होणारा कॅमेरा साऱ्या इटलीत तो एकच असावा.

अनफिसाला खरं कारण माहीत होतं. तिची लेक उस्तिनिया तोरिनोतच म्हाताऱ्या माणसांची देखभाल करायची. तिनं एकदा फोनवर सांगून टाकलं: सावानं तिथल्याच एका कॅथलिक मुलीशी लग्न केलंय. मुलगी झालीय. घर घेतलंय. आणि दाढी काढलीय. जुन्या धर्माची खूण म्हणून राखलेल्या ज्या दाढीपायी आपल्या पणजोबांनी झारचा देश सोडला आणि या बोरूच्या बेटांत येऊन चिखलात घरं बांधली, ती दाढी सावानं तोरिनोच्या एका न्हाणीघरात साबणाच्या पाण्याबरोबर सोडून दिली होती.

एवढी मोठी बातमी! अनफिसा ताबडतोब कुंपणाशी गेली. हारितिना बोटीशी वाकलेली, कोपरापर्यंत हात काळे. तिनं वर बघून विचारलं, "काय गं?" अनफिसानं तोंड उघडलं. मग ते काळे हात बघितले. आणि म्हणाली, "काही नाही. मीठ आहे का विचारायला आले."

आयुष्यात तिनं पोटात ठेवलेली ही एकच बातमी. गिळलेल्या काट्यासारखी ती तिला टोचत राहिली. शेवटी एका ऑक्टोबरच्या संध्याकाळी दूध काढताना तिनं ती गाईला सांगितली. गाईला ती बरंच काही सांगायची. गावाला सांगून उरलेलं सगळं तिथं जायचं. सावा, बायको, पोर, दाढी, डांबर, सगळं सांगितलं, आणि वर म्हणाली, "मी नाही सांगायची तिला. मरेपर्यंत लावू दे डांबर." मग गप्प बसली. थोड्या वेळानं तिबेरियु धावत गोठ्यात आला: "मावशी, अहो गोचीड राहिली तुमच्या गळ्यात! केव्हाचा शोधतोय!" तिनं हसत काढून दिली. तिचा पक्का समज होता की कॅमेऱ्याचं झाकण लागलं की गोचीडही झोपते.

तो समज फुटला फेब्रुवारीत, ब्लिनीच्या आठवड्यात. लोण्यात निथळणाऱ्या ब्लिनी, म्हणजे पातळ धिरडी, खाण्याचे शेवटचे दिवस. येत्या सोमवारपासून ईस्टरपर्यंतचा मोठा उपास. फिल्म तयार झाली होती आणि रविवारी दुपारी गावच्या सभागृहात दाखवायची ठरली होती. उपास लागला की बातुश्का, म्हणजे आमचे पाद्रीबाबा, गाणंबजावणं आणि चित्रं चालू देत नाहीत; म्हणून ही घाई. बुधवारी फिल्मची झलक सगळ्यांच्या फोनवर आली. आभाळातून दिसणारं पाणी, पाण्यावर पांढऱ्या पेलिकनांची रांग, दूर तिळाएवढी एक बोट. आणि त्या सगळ्या स्वर्गीय देखाव्यावर झिनोवेईचा खणखणीत आवाज, बंद पडलेल्या इंजिनाच्या आईबद्दल.

गाव हसून लोळलं. बायका क्रूसाची खूण करत होत्या आणि पुन्हा लावत होत्या. बातुश्कांनी खात्री करून घ्यायला तीनदा ऐकलं, म्हणतात.

अनफिसाही हसली. मग तिच्या हातातलं उलथनं थांबलं.

"म्हाताऱ्या, कॅमेरा तर किनाऱ्यावर होता."

"होता."

"मग तुझा आवाज?"

"माझ्याही गळ्यात गोचीड," झिनोवेई म्हणाला. "तिला कॅमेरा लागत नाही."

तव्यावरची ब्लिनी करपली. तिच्यामागची दुसरीही. झिनोवेईनं त्या दोन्ही मुकाट्यानं खाल्ल्या आणि बायकोकडे बघत राहिला, कारण ती बोलत नव्हती.

त्या दिवसापासून अनफिसाला बसता येईना, उठता येईना. खिडकीतून हारितिनाचं घर दिसायचं. पडदा ओढावा तर ती विचारणार, पडदा का ओढलास? सभागृहात सगळं गाव बसलेलं, अंधार, आणि भिंतीवरून तिचाच आवाज हारितिनाला सांगतोय की तुझा मुलगा येणार नाही. सगळ्यांच्या देखत. हे चित्र तिला तव्यात दिसायचं, बादलीत दिसायचं, प्रार्थनेला उभी राहिली की देवाच्या तसबिरीतही दिसायचं.

गुरुवारी तिनं तिबेरियुला फोन लावला.

"अरे, त्या फिल्ममध्ये माझं काय काय घेतलंय?"

"सरप्राइज, मावशी!"

"सरप्राइज गेलं खड्ड्यात. गाय आहे का?"

"गाय? गाय तर फिल्मची जान आहे! गोठ्याशिवाय फिल्म उभीच राहिली नसती."

"पण तुला आमची भाषा कुठं कळते?" अनफिसानं शेवटचा आधार धरला. फिल्मवाले रुमानियन, आणि घरात, गोठ्यात आम्ही लिपोवान लोक आमची जुनी रशियन बोलतो.

"मला नाही कळत. पण तुल्चा शहरातली एक पोरगी होती ना मदतीला, तुमच्याच लोकांतली. तिनं बसून सगळं ऐकलं."

सगळं. अनफिसानं फोन ठेवला तो उलटा ठेवला.

शुक्रवारी ती बातुश्कांकडे गेली.

"बातुश्का, फिल्म बघणं पाप आहे ना?"

"उपासात आहे."

"आणि आदल्या दिवशी?"

"आदल्या दिवशी..." बातुश्कांनी दाढीवरून हात फिरवला. "विषय निसर्गाचा आहे. देवाची निर्मिती आहे. शिवाय मीही आहे त्यात थोडा." मागे दोरीवर त्यांचा नवा झगा धुऊन वाळत घातला होता. अनफिसा परत आली.

शनिवारी ती झिनोवेईला म्हणाली, "उद्या फिल्मवाल्यांना आणायला बोट घेऊन जाऊ नकोस. इंजिन बंद पडलं म्हण."

"ते पडतंच," झिनोवेई म्हणाला. "पण मग लोक म्हणतील, स्वतःच्या शिव्यांना भ्याला." जरा थांबून त्यानं विचारलं, "कुणाबद्दल बोललीस?"

तिनं कुंपणाकडे बघितलं. झिनोवेईनंही बघितलं. त्यानं टोपी काढली, पुन्हा घातली. "मग आपल्या तोंडानं सांग. भिंतीच्या तोंडून कशाला?" एवढं लांब वाक्य त्यानं कित्येक वर्षांत उच्चारलं नव्हतं. ते झाल्यावर तो डिझेल भरायला गेला.

रविवार हा आमच्याकडे क्षमेचा रविवार. उपासाच्या आदल्या दिवशी माणूस माणसापुढे वाकतो आणि म्हणतो, "मला माफ कर." समोरचा म्हणतो, "देव माफ करील, तूही मला माफ कर." झालं. कशाबद्दल, ते कुणी सांगायचं नाही आणि कुणी विचारायचं नाही. म्हणून तर ही रीत इतकी वर्षं टिकली. कारणं सांगायची पद्धत असती तर वाकलेल्या माणसाला उभं राहायला कुणी दिलं नसतं.

अनफिसा सकाळीच लोण्यातल्या ब्लिनींचं ताट घेऊन कुंपण ओलांडून गेली. ताट ठेवलं आणि जमिनीला हात लागेपर्यंत वाकली.

"हारितिना, मला माफ कर."

"देव माफ करील," हारितिना म्हणाली. "तूही मला... अगं, संध्याकाळी देवळात करायचं ते आत्ता कशाला? ऊठ. कंबर धरेल."

अनफिसा उठली नाही. वाकलेल्या अवस्थेतच, जमिनीकडे बघत, तिनं ते केलं जे गावात कुणी कधी केलं नव्हतं. कारण सांगितलं. सावा. बायको. मुलगी. घर. दाढीचं तेवढं सांगितलं नाही. एका सकाळी किती सांगायचं.

हारितिना खुर्चीवर बसली. मग तिनं विचारलं ते भलतंच.

"तुला कधीपासून माहीत?"

"दोन वसंत."

"दोनदा डांबर लावलं मी. तू कुंपणाशी उभी राहून बघितलंस."

"हो."

"आणि आजच का सांगतेस?"

अनफिसानं तेही सांगितलं. गोचीड, गोठा, फिल्म.

हारितिना उभीच राहिली. "म्हणजे गाईला सांगितलंस? गाईला! आणि मला नाही?"

"अगं, गाय..."

"साऱ्या गावाची धुणी तू माझ्या दारात आणून पिळलीस. कुणाचा नवरा कुठं निजला ते मला न विचारता सांगितलंस. बातुश्कांना मूळव्याध झाली ते त्यांच्या बायकोच्या आधी मला कळलं. आणि माझ्या घरची गोष्ट तेवढी गाईला!"

"तुझे हात काळे होते गं," अनफिसा म्हणाली.

"जा घरी," हारितिना म्हणाली. "ताट राहू दे. ताटाचा काही दोष नाही."

दुपारी सभागृह गच्च भरलं. पुरुषांनी दाढ्या विंचरल्या होत्या, बायकांनी ठेवणीतले रुमाल बांधले होते. अनफिसा शेवटच्या रांगेत, दाराजवळ. दिवे मालवता मालवता कुणीतरी तिच्या शेजारी येऊन बसलं. हारितिना. कोट काढला नाही.

फिल्म सुरू झाली. पेलिकन आले. पाठीवरच्या डबीसकट उडाले, उपग्रहानं त्यांचे रस्ते लाल रेघांनी आखले, बोस्फरसपर्यंत, त्याच्याही पलीकडे, आणि परत. "आपली पोरं जातात तसेच," कुणीतरी म्हणालं. "फरक एवढाच की हे परत येतात." अंधारात हसू आलं आणि मध्येच विरलं. अनफिसानं बाजूला बघितलं नाही. बातुश्का आले, अर्धं मिनिट, तेही पाठमोरे. झिनोवेई आला, त्याच्या शिव्या आल्या, टाळ्या पडल्या. प्रत्येक नवं दृश्य आलं की अनफिसा खुर्चीची कड धरायची. आता. नाही. आता.

मग गोठा आला.

पडद्यावर आभाळातून दिसणारं गाव, संध्याकाळ, बोरूवर धुकं. घरांच्या धुराड्या. ड्रोन हळूहळू खाली येतोय. आणि आवाज: दुधाची धार बादलीत पडतेय. गाईचा श्वास. पुन्हा धार. मग खिडकीत बसलेली अनफिसा, ओठ मिटून बाहेर बघतेय. तिच्या खिडकीतून एक पालथी बोट दिसतेय. एक शब्द नाही. धार थांबते. श्वास. शांतता, लांबच लांब. आणि पुन्हा पेलिकन.

अख्ख्या सभागृहाला क्षणभर कळलं नाही. मग स्फोट झाला.

"अनफिसा गप्प!"

"वर्षभर माइक लावला तिला! बाई एक अक्षर बोलली नाही!"

"यंत्रानं काय काय करून दाखवलं बघा! हे झिनोवेईला आयुष्यभरात जमलं नाही!"

झिनोवेई पुढच्या रांगेत खांदे हलवत होता. अनफिसा हसली नाही. ती शांतता तिनं ओळखली होती. तीच संध्याकाळ होती ती. बोलून झाल्यानंतरची. त्या धारेच्या आधी जे होतं ते कापून काढलेलं होतं, आणि कापलेल्या जागी आता गाव टाळ्या वाजवत होतं.

"हीच का ती वेळ?" अंधारातून हारितिनानं विचारलं.

"हीच."

"म्हणजे कुणालाच कळणार नव्हतं."

"नव्हतं."

"गप्प बसली असतीस तर चाललं असतं तुला."

"चाललं असतं."

हारितिना पडद्याकडे बघत राहिली. फिल्म संपेपर्यंत तिनं कोट काढला नाही तो नाहीच.

दारात तिबेरियुनं अनफिसाला गाठलं. "मावशी, अखेर मिळाली तुमची शांतता! गोठ्यातली! सगळी फिल्म तिच्यावर सांधलीय. त्याआधी काय बोलत होता हो तुम्ही गाईशी? तुल्चाच्या पोरीला विचारलं तर ती म्हणाली, ते मावशीचं आणि गाईचं आहे, मी नाही सांगायची."

"दुधाबद्दल बोलत होते," अनफिसा म्हणाली.

संध्याकाळी देवळात सगळे एकमेकांपुढे वाकले. अनफिसा हारितिनापुढे वाकली. या खेपेला कारण सांगितलं नाही. हारितिना बराच वेळ उभी. मागची रांग खोळंबली, कुणीतरी खाकरलं.

"देव माफ करील," ती शेवटी म्हणाली, आणि आवाज खाली आणून, "माझं ईस्टरनंतर बघू."

सोमवारी उपास लागला. अनफिसा उकडलेले बटाटे सोलत होती. दार उघडून हारितिना आत आली, लग्नातला रुमाल बांधून. बसली नाही. आधी जवळ येऊन अनफिसाची गळपट्टी उलटून बघितली, एका बाजूनं, मग दुसऱ्या.

"काही नाही ना डसलेलं?"

"नाही गं."

"मग लाव फोन तुझ्या लेकीला. म्हणावं, सावाला बोलावून आण. आणि आवाजाचा नको. चित्राचा."

"त्याच्या फोनचा कॅमेरा..."

"तुझ्या लेकीचा चांगला आहे ना? लाव."

बराच वेळ लागला. तोरिनोत उस्तिनियाची धांदल ऐकू येत होती, जिन्यावरची पावलं, कुणीतरी पोर रडत होतं. हारितिना फोन टेबलावर मिठाच्या भांड्याला टेकवून, हात मांडीवर घेऊन, फोटो काढून घ्यायला बसावं तशी ताठ बसली होती. नखांत अजून मागच्या वसंताचं डांबर होतं, किंवा तसं अनफिसाला वाटलं.

"पोरीचं नाव काय ठेवलंय?" पडद्यावरून डोळे न काढता तिनं विचारलं.

"जॉर्जा."

"हे काय नाव झालं?"

पडद्यावर चेहरा आला. कडेवर एक विरळ केसांची, ओल्या नाकाची पोरगी. सावा, गुळगुळीत, फिकट हनुवटीचा, डोळे भरलेला. "आई," तो म्हणाला.

हारितिना पुढे वाकली. नाक पडद्याला लागेल इतकी.

"दाढी कुठंय तुझी?"

आणि इथं अनफिसा उठली. या गावात वर्षभरात घडली नसेल अशी गोष्ट तिच्याच स्वयंपाकघरात, तिच्याच टेबलावर घडत होती, आणि ती बादली उचलून गोठ्यात निघून गेली. दार ओढून घेतलं. आतून आधी आरडाओरडा ऐकू आला, मग रडणं, मग काहीच नाही, मग बाळाला हसवायला काढतात तसा कोंबडीचा आवाज. गाईनं मान वळवून तिच्याकडे बघितलं.

"माझ्याकडे काय बघतेस," अनफिसा म्हणाली. "मी तिथं नव्हते."

दुपारपर्यंत सगळं गाव तिच्या कुंपणाशी येऊन गेलं. काय म्हणाला, काय म्हणाली, दाढीचं काय. अनफिसानं सगळ्यांना तेच सांगितलं, आपण गोठ्यात होतो म्हणून. कुणीही विश्वास ठेवला नाही.